हेमांगीचं चुकलं कुठे

कादंबरीतली हेमांगी वाईट चालीची आहे, हा निकाल आंधळगावात कादंबरी वाचायच्या आधीच लागला होता. वाचली होती एकट्या प्रतिक्षानं. पण दोन पुरुषांना सोडून खरं प्रेम शोधत फिरणारी बाई म्हटल्यावर वाचायची गरज कोणाला? बायांनी नाकं मुरडली, बाप्यांनी माना हलवल्या, झालं.

वर्षावासाचे, पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाचे दिवस. गावच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी वाचन चाले आणि रविवारी शिकलेल्या पोरांपैकी कोणीतरी एखाद्या पुस्तकावर बोले. या रविवारी पाळी प्रतिक्षाची. भंडाऱ्याला एम.ए. करणारी पोर, तिनं हेमांगीचं व्यक्तिचित्रण निवडलं. आणि पुढच्याच महिन्यात तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, वरठीच्या अश्वजितशी.

सकाळीच त्याचा फोन आला. "आई येऊन राहिली ऐकायले. तू बोल, मी कुठं नाही म्हणतो? फक्त शेवटी एवढं म्हणून टाक, तिचं चुकलं."

"काहून?"

"आईच्या मनात किंतू नको. एक वाक्यच तं आहे."

प्रतिक्षाची आई, धुरपताबाई, तिचंही तेच. "म्हणून टाक न माय. तोंड दुखते का तुहं?"

अश्वजित प्रतिक्षाला आवडला होता, हे सांगायलाच हवं. स्टीलच्या कारखान्यात नोकरी, हसरा चेहरा, बोलणं गोड. त्याला गमवायचं तिच्या जिवावर आलं होतं. अन् ते वाक्य म्हटलं नाही तर सोयरीक राहणार नाही, हेही तिला कळत होतं.

संध्याकाळी वंदना झाली. पांढऱ्या साड्यांच्या पहिल्या रांगेत बेबीबाई, होणारी सासू, ताठ बसलेली. अश्वजित दाराशी उभा. प्रतिक्षा बोलायला लागली आणि भीड विसरली. हेमांगीचा नवरा तिला साड्या आणायचा, सगळ्या त्याच्याच आवडत्या रंगाच्या. त्याला सोडून ज्याच्याकडे ती गेली, तो तिच्या डोळ्यांवर कविता करायचा. पण ती जेवली का, हे त्यानं कधी विचारलं नाही.

"लोक म्हणतात, ती खरं प्रेम शोधत भटकली. मी म्हणते, खरं प्रेम कसं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच खोट्यावर तिचं भागलं नाही."

"मंग चुकलं कोणाचं?" बेबीबाईनं बसल्या जागेवरून विचारलं. "दोन घरं मोडली तिनं."

धुरपताबाईनं डोळ्यांनीच लेकीला विनवलं. दारातून अश्वजितनं खूण केली.

"तिचंच चुकलं, मावशी," प्रतिक्षा म्हणाली. धुरपताबाईचा जीव भांड्यात पडला. "पहिलं घर सोडायले तिनं लय उशीर केला."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग बायांना हसू आवरेना. बेबीबाई उठली, चपला घातल्या आणि चालू लागली.

अश्वजितनं प्रतिक्षाला बाहेर गाठलं. "आता आईले काय सांगू मी?"

"ते राहू द्या. तुमाले काय वाटलं?"

"मले?" तो गोंधळलाच. "माह्या वाटण्यानं काय होते? आई म्हणन तसं."

हा माणूस प्रतिक्षाला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. आणि त्याच्याकडे तिच्यासाठी स्वतःचं म्हणून एक मतही नव्हतं.

"मंग साक्षगंधाले येऊ नका," ती म्हणाली आणि मागे उभ्या आईजवळ गेली.

धुरपताबाई तिला घेऊन घरी आली. प्रतिक्षा पायरीवर बसून रडली, लाज न बाळगता रडली. आईनं तिला उगी केलं नाही. मोबाईल काढून तिनं मंडपवाल्या तुलारामला फोन लावला, अंगणात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"मंडप नको गा, तुलाराम. सोयरीक मोडली."

पलीकडे तो हळहळला. वरठीच्या लोकांनी ऐनवेळी असं करायला नको होतं, म्हणाला.

"ते कायले मोडतीन?" धुरपताबाई गरजली. "माह्या पोरीनं मोडली. गावात सांगशीन तं तसंच सांगजो."