इंजिनातली हडळ

सांगवीच्या मळ्यात विहिरीभोवती ही गर्दी! पाणी ओढणारं ऑइल इंजिन घटकाभर चालून पुन्हा बंद पडलं होतं. झुंबर भगतानं डिझेलच्या टाकीचं टोपण फिरवलं. ‘सूंऽऽ’ असा आवाज झाला आणि बायका मागं सरकल्या.

“ऐकलं? हडळ फुत्कारतीया!”

भगतानं टाकीच्या तोंडात मंत्र फुंकला, टोपण बसवलं, वर शेंदराचा आणखी एक थर थापला. मळेवाल्या सोपाननं हँडल मारलं. इंजिन धडधडलं. सगळ्यांनी हात जोडले.

“पर ही घरात हाय तवर हडळ जानार न्हाय,” भगतानं बोट रोखलं ते सोपानच्या नव्या बायकोवर, जयवंतावर. ती आली आणि इंजिन बिघडलं, एवढाच तिचा गुन्हा. तिच्या तळहातावर कापूर जाळून त्यानं आधीच फोड उठवले होते. “आजच म्हायेरी धाडा. कायमची.”

“धाडते की,” सासू धोंडाबाई म्हणाली. “वांगी वाळाय लागली. सून काय, दुसरी मिळंल.”

वांगी घ्यायला बारामतीहून आलेल्या पद्माला शिसारी आली. ती नुकतीच बी.एस्सी. झाली होती. टोपण उघडताना इंजिनाला घातलेल्या हारातली झेंडूची पाकळी टाकीत ओढली गेली, हे तिनं पाहिलं होतं. म्हणजे आतून काही बाहेर आलंच नव्हतं. बाहेरची हवा आत घुसली होती.

तेवढ्यात इंजिन पुन्हा थांबलं.

“भगत, आता टोपण न उघडता मंत्र म्हणा,” पद्मा पुढं होत म्हणाली.

“का म्हून?”

“हडळ बंद टोपणातून आत शिरते, मग मंत्राला कसली अडचण?”

कुणीतरी खिदळलं. भगत मंत्र म्हणून घामाघूम झाला, सोपान हँडल मारून. इंजिन ढिम्म. पद्मानं नुसतं टोपण उघडलं. सूंऽऽ! “मारा आता, दादा.” इंजिन सुरू!

तिनं टोपणावरचा शेंदूर खरवडला. खाली टाचणीएवढं भोक निघालं.

“सून घरात आली तवा इंजिन पुजून शेंदूर म्याच लावला हुता,” धोंडाबाई चाचरली.

“मावशी, रॉकेलच्या डब्याला दोन भोकं का पाडता? एकातून हवा आत गेली, तरच दुसऱ्यातून तेल येतं. हे भोक बुजलं, तेल थांबलं. आणि हा माणूस दर खेपेला ते आणखी बुजवत होता.”

“मला काय ठावं?” भगत पुटपुटला.

“ठाऊक नव्हतं, तर पोरीचा हात कशाला जाळलात?”



“चल गं घरात,” धोंडाबाई सुनेला म्हणाली.

जयवंता जागची हलली नाही. “आदी हाताला औषिद लावा. मग बगू.”

बाबांनो, यंत्र बंद पडलं तर यंत्र उघडून पाहा. बिघाड तिथंच सापडतो, आणि तो शोधायला कुणाची कातडी जाळावी लागत नाही.