एक मीटर वीस

टेपचं ओलं टोक नळीतून वर ओढून रूपसिंगनं डोळ्यांजवळ धरलं.

"एक मीटर वीस."

"मंजे?" बांधावरून किशनरावनं विचारलं.

"मंजे पाणी तुझ्या तुरीच्या मुळाशी येऊन राहिलं. दोन सालामागं साडेतीन मीटर खाली व्हतं."

"पाणी जवळ आलं तर बरंच की."

"बरं काहून? मुळाला हवा लागती. हवा न्हाई भेटली तर झाड पाण्यात उभं राहून वाळतं. खालून चर खंदून पाणी नाल्यात काढावं लागंल."

किशनराव त्याचा शाळेतला सोबती. त्याच्या दोन एकरांत खालचं पाणी वर येऊन जमीन चिबडली होती. ऊन तापलं की काळ्या रानावर मिठासारखा पांढरा थर फुटायचा.

रूपसिंग जवळा बाजारजवळच्या तांड्यावर राहायचा. कालव्याच्या हिंगोलीतल्या कार्यालयात तो रोजंदारीवर होता. शेतांत रोवलेल्या बावीस नळ्यांमध्ये टेप सोडायची आणि पाणी किती खोल आहे ते लिहायचं, हे काम त्याला तिथल्या व्यंकटराव साहेबांनी शिकवलं होतं. साहेब त्याच्या घरी जेवायचे. मातीची मूठ वळून वाफसा, पेरणीजोगी ओल, कशी ओळखायची, ते रूपसिंगकडून समजून घ्यायचे. "तुझ्या आकड्यांवरच चर मंजूर होणार बघ," असं म्हणायचे. एकदा ते म्हणाले, "दर वेळी सहीसाठी हिंगोलीला कशाला येतोस? आकड्यांच्या चार-सहा कोऱ्या तक्त्यांवर सह्या करून ठेव." रूपसिंगनं केल्या.

२००१च्या उन्हाळ्यात गावात बैठक झाली. चर कधी खोदणार, म्हणून माणसं दाटीनं बसली होती. व्यंकटराव साहेबांनी कागद वाचला. पाणी सरासरी तीन मीटर वीस खोल आहे; जमिनीला धोका नाही; चराची गरज नाही; कालव्याचं पाणी वाढवायला हरकत नाही.

"मोजणी आमची नाही," साहेब म्हणाले. "तुमच्याच रूपसिंगची आहे. ही सही."

कागद हातोहात फिरत किशनरावकडे आला. त्यानं आपल्या रानापुढचा आकडा पाहिला, खालची सही पाहिली.

"रूपसिंग, मला एक-वीस सांगितलंस. इथं तीन-वीस लिहिलंस?"

"म्या न्हाई लिहिलं. साहेब, सांगा की समद्यायला! तक्ते कोरे व्हते."

साहेबांनी चष्मा पुसला. "माणसाच्या हातून आकडा चुकतो," ते शांतपणे म्हणाले. "मी त्याच्यावर काही कारवाई करणार नाही."

कोणीतरी मागून हसलं. साहेबांची जीप गेली तरी रूपसिंग तिथंच बसून होता. घरी बायकोनं, देवलानं, ताट वाढलं. साहेब बसायचे त्या जागेकडे पाठ करून तो बसला.

सकाळी तो कुदळ घेऊन किशनरावच्या रानात गेला आणि वाळलेल्या तुरीशेजारी खड्डा खणू लागला. छातीइतका खोल गेल्यावर तळातून पाणी पाझरलं. तोवर किशनराव आला होता. रूपसिंगनं तुरीचं मूळ उपटून त्याच्या हातात दिलं. वीतभर खाली गेलेलं, मग काळं पडून कुजलेलं.

"आता तर खरं वाटतं ना?"

किशनरावनं मूळ बोटांत चुरलं. "पाणी खरं हाय," तो म्हणाला. "पण सही तुझीच ना?"

"व्हय. माझीच."

"कोरी तर कोरी. ती केली तवा आमची आठवण नाही झाली?"

रूपसिंगनं कुदळ उचलली. नोकरी त्यानं त्याच आठवड्यात सोडली आणि नाल्याच्या काठापासून स्वतःच चर खणायला घेतला. मजुरी करून उरलेल्या वेळात, एकटा. पहिल्या उन्हाळ्यात अर्धा झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी वरच्या टोकाकडून कुदळीचा आवाज आला. किशनराव खणत होता. दोघं महिनाभर दोन टोकांनी खणत राहिले. एकमेकांशी बोलले नाहीत.

मधला शेवटचा हातभर मातीचा बांध फुटला आणि गढूळ पाणी रूपसिंगच्या घोट्यावरून नाल्याकडे वाहू लागलं. त्यानं हसून वर पाहिलं.

किशनराव चरातून बाहेर निघाला होता. कुदळ खांद्यावर टाकून तो पलीकडच्या बांधानं घराकडे चालला होता.