पत्त्यातला शेवटचा तुकडा

वेबसाइटचे पत्ते सुटसुटीत कर म्हणून संचालिकाबाई तीन महिने माझ्या मागे लागल्या होत्या. त्यांच्या आश्रयगृहाची वेबसाइट मी सांभाळते. तिथल्या प्रत्येक बाईच्या पानाचा पत्ता म्हणजे चाळीस अक्षरांचा नुसता गिचमिडा. "अगं, फोनवर वाचून दाखवताना माझी बोबडी वळते," त्या म्हणायच्या. मग केले बाई सुटसुटीत! आधी 'रहिवासी', मग तिरकी रेघ, मग बाईचं नाव. पुढे आणखी एक रेघ देऊन 'दाखला' लिहिलं की ती तिथे राहत असल्याचा दाखला समोर. इतकं देखणं झालं की मीच माझी पाठ थोपटून घेतली.

माझी धाकटी बहीणही तिथेच आहे. नवऱ्याच्या तावडीतून सुटून आली त्याला चार महिने झाले. ती कुठे आहे हे त्याला कळलं तर तो तिला जिवंत सोडणार नाही. तिखटमीठ लावून सांगत नाहीये; तिचा हात त्याने दोनदा मोडलाय.

आज बाराच्या सुमाराला सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुणी कधी कुठलं पान उघडलं त्याची नोंद, सहज चाळत होते. सव्वाअकराला कुणीतरी धाकटीचा दाखला उघडला होता. असेल ऑफिसातलं कुणी, म्हटलं. पण अर्ध्या मिनिटाने त्याच माणसाने पत्त्यातला शेवटचा 'दाखला' खोडून उरलेला पत्ता टाकला होता, आणि सर्व्हरने तिचं अख्खं पान त्याच्या हवाली केलं होतं. रस्ता, मजला, खोली. तेही लॉगिन न करता!

कुठल्या पत्त्यावर कुठलं पान दाखवायचं ते ठरवणारी रूटिंगची फाइल उघडली. वेबसाइट ज्यावर चालते ते फ्रेमवर्क तिथल्या ओळी वरून खाली वाचतं आणि पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबतं. 'आधी लॉगिन तपासा' ही ओळ खाली, आणि माझ्या नव्या ओळी मी तिच्या डोक्यावर डकवलेल्या. चाचणी घेताना मी स्वतः लॉगिन केलेलं, मग मला सगळं आलबेलच दिसणार. गाढवीण कुठली!

संचालिकाबाईंना फोन लावला. "तिचा दाखला कुणाला दिलात?"

"कोर्टात, संरक्षणाच्या अर्जासोबत. तूच बनवलंस ना ते पान? त्यावर राहण्याचा पत्ता नसतोच."

नसतो. पण छापताना ब्राउझर कागदाच्या तळाशी वेबसाइटचा पत्ता आपसूक छापतो. आणि कोर्टातल्या कागदाची प्रत समोरच्या पक्षाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला जाते.

"पोलिसांना बोलवा," एवढंच म्हणाले आणि धाकटीला फोन केला.

"ताई," ती कुजबुजली, "तो गेटवर आलाय. वॉचमनशी हुज्जत घालतोय. माझ्या खोलीचा नंबर सांगतोय गं! त्याला कुणी सांगितलं?"

थाप मारता आली असती. जीभ रेटेना. "माझ्यामुळे कळलं," मी म्हणाले. "तुझं पान मी उघडं टाकलं. चूक माझी आहे."

फोनमधून लोखंडी गेट आदळल्याचा आवाज आला.

"मागच्या जिन्याने उतर!" मी ओरडले. "ऐक माझं, पळ!"

"मागचा जिनाही त्या पानावर आहे का गं, ताई?"

पान माझ्यासमोर उघडंच होतं. सगळ्यात खाली लिहिलं होतं: धोका असल्यास मागचा जिना.