तीन बोटं डावीकडे

आमच्या ह्यांनी नवा स्क्रीन आणला. पुसायला मऊ फडकं वेगळं आणि मला हात लावायची बंदी वेगळी.

हे घरीच, मागच्या खोलीत, आवाजाचं काम करतात. जाहिराती, सूचना असलं काही. त्या दिवशी इस्पितळाच्या लिफ्टचं काम होतं. एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा आवाज भरून झाला होता: "पहिला मजला" ते "पाचवा मजला", आणि "दार बंद होत आहे." त्या सगळ्याला थोडा घुमारा, मोठ्या हॉलमध्ये बोलल्यासारखा, द्यायचा होता. चार वाजता लिफ्ट कंपनीचे साहेब ऐकायला येणार होते.

घुमाऱ्याचं लाडकं प्लगिन, म्हणजे आवाजाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, ह्यांनी उघडला आणि तोंडच उतरलं. नव्या स्क्रीनवर त्याची खिडकी काडेपेटीएवढी झाली होती, बटणं तिळाएवढी.

"अहो, मोठं करा की."

"होत नाही. जुनं आहे ते."

"मग दुसरं घ्या."

ह्यांनी असं पाहिलं, जणू मी दुसरा नवरा करते म्हणाले होते.

तेवढ्यात माझे वडील, नाना, आले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. खिशातलं भिंग काढून डोळ्यात बसवलं आणि स्क्रीनला नाक टेकवलं.

"जावईबापू, इथे 'मोठा हॉल' लिहिलंय. आणि हा धुळीचा कण."

"तो कण नाही, बंद करायची फुली आहे."

मला राहवलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन मी सगळंच दुप्पट करून टाकलं. खिडकी मोठी झाली, अक्षरं ठसठशीत. मी कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

ह्यांनी घुमाऱ्याचं बटण फिरवलं. घुमारा जागचा हलला नाही, पण मुख्याध्यापिका एकदम विहिरीतून रेडा बोलावा तशा म्हणाल्या, "दाऽऽर बंद होऽऽत आहे."

"हे काय केलंस?"

"मी? मी फक्त मोठं केलं!"

नाना मात्र रंगात आले होते. त्यांनी इथे दाब, तिथे दाब करून पाहिलं. "अरे, चित्र सरकलंय, पण बटणाचा जीव जुन्याच जागी आहे. घुमारा हवा तर तीन बोटं डावीकडे, रिकाम्या जागेत दाबायचं."

दाबलं, आणि खरंच घुमारा आला! नानांनी चिकटपट्टीचे तुकडे कातरले, त्यांवर पेनानं 'घुमारा', 'जाड', 'बारीक' लिहिलं आणि थेट नव्याकोऱ्या स्क्रीनवर डकवले. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

साहेब बरोबर चारला आले तेव्हा नाना डोळ्यात भिंग घालून बसले होते, हे मागून "अजून थोडं, नाना, अर्धा केस!" असं ओरडत होते, आणि मी चिकटपट्टीचं रीळ धरून उभी होते.

"तंत्रज्ञ कोण?" साहेबांनी विचारलं.

हे तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "मी. बसा."

साहेबांनी आवाज ऐकला, मान डोलावली. "फक्त 'दार' जरा कडक वाटतं. बाई रागावल्यासारख्या."

"त्या आहेतच तशा," हे पुटपुटले.

नानांनी 'बारीक'वाल्या पट्टीवर माऊस नेऊन केसभर फिरवलं. बाई लगेच मवाळ झाल्या. साहेब खूश होऊन गेले.

लिफ्ट सुरू झाली त्या दुपारी नाना ऐकायला म्हणून गेले ते संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. शेवटी इस्पितळाच्या रखवालदाराचा फोन आला. "तुमचे वडील का हो? सकाळपासून... म्हणजे दोनपासून वरखाली करताहेत. प्रत्येक पेशंटला सांगतात, ह्या बाईंचा राग मी घालवला."

"मग? त्रास होतोय का लोकांना?" मी विचारलं.

"छे! पण ते म्हणतात, बाई 'पाचवा मजला' म्हणतात तिथे घुमारा कमी पडलाय. जरा येऊन समजवा."

ह्यांनी फोन घेतला, थोडं ऐकलं आणि चपला शोधायला लागले. "बरोबर आहे त्यांचं," हे म्हणाले. "तो 'पाचवा' त्या दिवसापासून मला पण खटकत होता."