नगरपालिकेला हवी एक ग्रीनलंडर

डेन्मार्कमधल्या एल्सबोरूप नगरपालिकेने अमेरिकेशी पुकारलेल्या युद्धाची पहिली तोफ बेकरीत धडाडली. महायुद्धापासूनचा दोस्त ग्रीनलंड मागू लागला, आधी गोडीगुलाबीने आणि मग डोळे वटारून, तेव्हा ‘अमेरिकन’ नावाने खपणारा तिथला डोनट एका रात्रीत ग्रीनलंडच्या राजधानीच्या नावाने ‘नूक’ झाला. साखर तीच राहिली; किंमत तेवढी देशभक्तीला शोभेल अशी झाली. मग किराणा दुकानातल्या अमेरिकन सॉसच्या बाटल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ग्रंथालयाच्या प्रमुखाला अमेरिकन कादंबऱ्यांचे काय करावे असा प्रश्न पडला, आणि तो त्याने काउंटरवरच्या अविआयाला विचारला, कारण गावात ग्रीनलंडची अशी ती एकटीच होती.

“मेलेल्या लेखकांना ठेवू या,” ती म्हणाली. “ते काही मागत नाहीत.”

त्याने हे गंभीरपणे टिपून घेतले.

इतकी वर्षे ती त्या काउंटरवर होती आणि इतक्या वर्षांत गावाने तिला तिच्या देशाविषयी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: तिथे झाडे असतात का, आणि तू परत कधी जाणार. आता अनोळखी माणसे रस्त्यात थांबून तिचा हात दाबत. पूर्वी तिच्या पिशवीकडे, दारूच्या बाटल्या वाजतात का म्हणून, कान लावणारी शेजारीण ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ असे सांगून गेली.

जूनच्या आरंभी नगराध्यक्ष क्रेस्टेन हेडेगोर स्वतः ग्रंथालयात आला.

“अविआया, एकवीस तारखेला मला तू हवीस.”

“पुस्तक उशिरा आणलं असशील तर दंड भरावा लागेल, क्रेस्टेन.”

तो मोकळेपणाने हसला. “तुमचा राष्ट्रीय दिवस. दरवर्षी आमचा शिपाई सकाळी झेंडा चढवतो नि कुणाला पत्ता नसतो. या वर्षी चौकात करायचंय. बँड, कॉफी, टीव्हीवाले. झेंडा तू चढवायचा, तुमच्या त्या मण्यांच्या पोशाखात.”

“माझ्याकडे तो पोशाख नाही.”

“संग्रहालयाकडे आहे, मी बोललोय. आणि दोन शब्द बोल, तुमच्याच भाषेत. कुणाला कळायला नकोच आहेत. कानावर पडले की झालं.”

“एकवीसला माझी भेट असते.”

“कुणाशी?”

“माझ्या मुलीशी. तुमच्याच नगरपालिकेच्या खोलीत.”

त्याला खरोखरच ठाऊक नव्हते, आणि यात ढोंग मुळीच नव्हते. मुलगी आईकडून काढून घेण्याचा निर्णय समितीचा होता, समिती नगरपालिकेची होती, नगरपालिका तो होता. पण सभ्य सत्तेची हीच तर सोय असते, की तिथे कृत्य असते आणि कर्ता सापडत नाही.

मालीना जन्मली ती अविआयाची आई वारली त्याच हिवाळ्यात. ग्रीनलंडमध्ये वारलेल्या माणसाचे नाव पुढच्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातेही येते. म्हणून अविआया पाळण्यात वाकून लेकीला ‘आनाना’ म्हणायची, म्हणजे आई. झोप उडाली होती तेव्हा तिने भाबडेपणाने आरोग्यसेविकेकडे मदत मागितली. मदत आली, ती मानसशास्त्रज्ञाच्या रूपाने. त्याने तिला ठोकळे जुळवायला लावले, सूर्यप्रकाश पृथ्वीवर पोचायला किती वेळ लागतो ते विचारले, आणि अहवालात लिहिले: माता बालकास ‘आई’ संबोधते, भूमिकांविषयी गंभीर गोंधळ, बालकाकडून मातृत्वाची अपेक्षा. ज्या विद्येने अख्ख्या जगाच्या नातेसंबंधांवर कपाटे भरून ग्रंथ लिहिले, तिला एका पाळण्याजवळचा एक शब्द वाचता आला नाही. पुढे ती चाचणी कोपनहेगनने ग्रीनलंडच्या लोकांपुरती कायद्यानेच बंद केली. पण जुन्या निर्णयांची फेरतपासणी व्हायची होती, आणि फेरतपासणीची रांग लांब होती.

त्या अहवालावरून मालीनाला रांगायला लागली तेव्हाच नेले होते, आणि तेव्हापासून ती नगरपालिकेने नेमलेल्या टोवे नावाच्या बाईकडे वाढत होती. टोवे वाईट नव्हती. ती तिला मालेने म्हणे, कारण ते जिभेला सोपे पडते. अविआयाला महिन्यातून एकदा दोन तास मिळत, कोपऱ्यात समाजसेविका मेरेटे बसलेली असताना, आणि बोलायचे ते फक्त डॅनिशमध्ये: मुलीचा गोंधळ होऊ नये म्हणून, आणि मेरेटेला कळावे म्हणून. ही अट उठवावी म्हणून अविआयाने केलेले अर्ज विचाराधीन होते.

“झेंडा चढवते,” ती क्रेस्टेनला म्हणाली. “मुलगी चौकात हवी. पहिल्या रांगेत.”

“एवढंच ना?” तो म्हणाला, आणि त्याने तिथूनच फोन लावला. अर्जांना जे वर्षानुवर्षे जमले नव्हते ते कॉफी निवायच्या आत जमले.

मेरेटे दुसऱ्या दिवशी येऊन बजावून गेली. “ती येईल. पण नियम तोच हं. तिच्याशी बोलायचं ते डॅनिशमध्ये.”

“क्रेस्टेनने मला आमच्या भाषेत बोलायला सांगितलंय.”

मेरेटेने यावर विचार केला. ती प्रामाणिक बाई होती. नियमाला जिथे कड असते तिथे ती थांबायची. “ते मंचावरून. तो कार्यक्रम झाला. त्याला माझी हरकत नाही.”

एकवीस तारखेला संग्रहालयातल्या बाईने सुती हातमोजे घालून अविआयाच्या खांद्यांवर मण्यांची झूल चढवली. “जपून, हं,” ती म्हणाली. “याला घाम चालत नाही.”

चौक भरला होता. बेकरीवाल्याने ‘नूक’ फुकट वाटले. क्रेस्टेन बोलायला उभा राहिला. “आपण एक कुटुंब आहोत,” तो म्हणाला, “आणि कुटुंबातलं माणूस असं कुणी उचलून नेत नाही.” टाळ्या बराच वेळ वाजल्या. पहिल्या रांगेत टोवेच्या शेजारी मालीना पाय हलवत बसली होती.

झेंडा वर गेला. अविआया ध्वनिक्षेपकासमोर आली आणि तिने मुलीकडे पाहिले.

“आई,” ती आपल्या भाषेत म्हणाली, “मी तुला दिलं नाही. तुला नेलं. तुझं नाव मालीना आहे. ते आधी एका बाईचं होतं, ती मासे साफ करताना गायची आणि हरली की पत्ते फेकायची. त्या खोलीत मी तुझ्याशी यांच्या भाषेत कोडी सोडवते, आणि घरी जाऊन ते सगळं परत आपल्या भाषेत बोलते, भिंतीशी. या लोकांना वाटतंय मी देशाबद्दल बोलतेय. वाटू दे. तू थंडीत टोपी घालत जा. मी येत राहीन.”

लोक रडले. एका निवृत्त कर्नलने तिला सलाम केला. टोवेने डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या. तिचे पाहून मालीनानेही वाजवल्या.

मंचाखाली मेरेटे वाट पाहत होती. “आजची भेट म्हणून धरते हं,” ती हळूच म्हणाली. “तू तिला पाहिलंस, तिने तुला पाहिलं. खोली मी दुसऱ्यांना दिली.”

क्रेस्टेनही आला, कपाळ पुसत. “अप्रतिम. आता एवढं डॅनिशमध्ये सांग, संकेतस्थळावर टाकायचंय.”

टोवेचा हात धरून मालीना त्यांच्यात येऊन उभी राहिली. “अविआया, तू काय बोलत होतीस?”

अविआया त्या मौल्यवान झुलीसकट गुडघ्यांवर बसली. वाक्ये तिच्याकडे डॅनिशमध्येही होती, निर्दोष, रात्री रात्री तासून ठेवलेली. त्यांतले पहिलेच वाक्य मेरेटेच्या कानावर पडले असते, तर ‘बालकावर अनुचित दबाव’ अशी नोंद झाली असती, आणि पुढच्या महिन्यात खोलीही नसती.

“झेंड्याबद्दल,” ती डॅनिशमध्ये म्हणाली.

“सगळंच?”

“सगळंच.”

मालीनाने वर झेंड्याकडे पाहिले. मग कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे.

“मग माझ्याकडे बघून का बोलत होतीस?”

क्रेस्टेन कौतुकाने हसला. मेरेटे हसली नाही. तिने मान वर करून अविआयाकडे पाहिले.

“तू पुढे बसली होतीस ना,” अविआया म्हणाली, “म्हणून.”