थडग्यातला उजेड

मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावर प्रभू येशूचे दफन कोरलेले आहे. नम्रपणे बोलणे मला जमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो: अख्ख्या अँटवर्प शहरात माझ्याइतका छापला गेलेला पत्रा क्वचितच सापडेल.

कारागिराने कोरणीने थडग्याच्या जागी दाट रेघा ओढल्या आणि एका शिष्याच्या हाती मशाल दिली. रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची, मग ओला कागद ठेवून रुळांखालून काढायचे, असे माझे आयुष्य. पुसण्याचे काम छापखान्यातल्या माख्टेल्डचे. आधी फडक्याने, आणि शेवटी खडूची पूड लावलेल्या तळव्याने. त्या तळव्याची ऊब मला फार आवडे. पण त्याच लाडाने माझ्या रेघा झिजत गेल्या. थडग्यातला काळोख राखाडी झाला, आणि मशालीचा उजेड कुठे पडतो तेच कळेना.

इस्टर, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण, जवळ आला होता. रुग्णालयाच्या सिस्टर आलेडिस आजाऱ्यांच्या खाटांपाशी लावायला चित्रे न्यायला येणार होत्या. छापखान्याचा मालक वाउटर हा माख्टेल्डचा धाकटा दीर. ताजा छाप पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे दफन आहे की धुकं? सिस्टर नको म्हणाल्या की याला तांबटाकडे देऊन टाकतो. निदान किटली तरी होईल."

किटली! माझ्यासारख्या नामांकित पत्र्याची!

"भावजी, एक छाप माझ्या मनासारखा काढू द्या," माख्टेल्ड म्हणाली.

तिने शाईचा पातळ थर माझ्या अंगावर तसाच ठेवला. मग तळव्याच्या कडेने फक्त प्रभूचा देह पुसला, आजारी माणसाचे अंग पुसावे तसा.

"अहो, शाई राहिली की!" वाउटर ओरडला. "पत्रा लख्ख पुसायचा, हे पोरंसोरंही जाणतात. गाव म्हणेल, वाउटरच्या घरात सगळे अंगचोर."

"म्हणू देत. तुम्ही रूळ फिरवा."

कागद उचलला, तेवढ्यात सिस्टर दारात आल्या. काळोख दाट होता. मशाल त्यात बुडाली होती आणि उजेड येत होता तो प्रभूच्या देहातून. कारागिराने मृत्यू कोरला होता. माख्टेल्डच्या हाताने त्यात इस्टरची पहाट आणली.

सिस्टरनी छाप हातात घेऊन दाराच्या उजेडात धरला. वाउटर घाईने म्हणाला, "चूक झाली, दुसरा काढून देतो."

"खबरदार दुसरा दिलास तर! आमची माणसं मरणाला घाबरतात रे. त्यांना हेच दाखवायचंय मला. सगळ्या खाटांना असंच हवं."

अशी जिरली वाउटरची! दोन छाप कधी सारखे निघाले नाहीत, कारण हात दोनदा सारखा फिरत नाही. कुठे प्रभूचा चेहरा उजळे, कुठे पाय. रुग्णालयात त्यावरून भांडणे जुंपली. एक म्हातारा नावाडी शेजाऱ्याला म्हणाला, "तुझ्याकडे नुसते पाय! माझा बघ, उठायलाच निघालाय."

मागणी इतकी वाढली की एकट्या माख्टेल्डला उरकेना. शेवटी वाउटरने बाह्या सरसावल्या, तळव्याला खडू चोळला आणि माझ्यापुढे उभा राहिला.

"दाखवा, वहिनी. कुठून सुरू करू?"

"कपाळापासून. आणि सावकाश हं, भावजी."

मी अजूनही छापतोच आहे, मित्रांनो. एखादी वस्तू झिजली म्हणून टाकायची घाई करू नका. ज्या हातांनी तिला झिजवले त्यांना आधी विचारा. तिच्यात अजून काय शिल्लक आहे, ते त्या हातांनाच ठाऊक असते.