वालाला पाणी

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते कमळला साठीच्या घरात कळलं. तेही परमुलखात, एका बेटावर, नारळपाणी पिताना.

पोरगा भाविक एक दिवस विमानाची तिकिटं घेऊन आला आणि म्हणाला, "आई, जनमभर राबलीस. आता तू नि दाजी जरा आराम करा." दाजी म्हणजे कमळचा नवरा. अख्खा कोनगाव त्यांना दाजी म्हणे, म्हणून घरातली पोरंही तेच म्हणत. अंदमानातलं एक लहानसं बेट, त्यावर एकच रिसॉर्ट, आजूबाजूला ना गाव ना माणूस. सून रुचिकानं तर सासूला उन्हाची भलीमोठी गवती टोपीसुद्धा आणली होती.

"आत्ता?" कमळ म्हणाली. "वालाला शेंग धरलीय."

"मी बघतो ना वालाकडं."

वाल म्हणजे कमळचा जीव. दाजींची बाकीची जमीन केव्हाच गोडाऊनखाली गेली होती आणि त्याला तिनं कधी हरकत घेतली नव्हती. पैसा आला, घर झालं, पोराची गाडी आली. फक्त दोन गोडाऊनच्या मधला एक तुकडा तिनं मागून घेतला होता. पावसाळ्यात भात, थंडीत वाल. एवढा माझ्या डोळ्यांदेखत राहू दे, असं तिनं सगळ्यांना बसवून स्वच्छ सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सातबारा दाजींच्या नावावर होता, पण वाल कमळचा होता. माना डोलवायला काय, नंदीबैलही डोलावतो.

तर दोघं गेली. बेट सुंदर होतं, खोटं कशाला बोलायचं. पांढरी वाळू, लाकडी खोल्या, दारात समुद्र. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. कमळनं तो सोडवला आणि पाय पुसले. जेवायला मासा आला तो हळदीचा हातही न लागलेला, आजाऱ्यासारखा पांढराफटक. दाजी मात्र फार शहाण्यासारखे वागत होते. ज्या माणसानं उभ्या संसारात बायकोला कधी चहा विचारला नाही, तो इथं "चहा घेतेस का?" म्हणून मागं मागं फिरत होता. कमळला वाटलं, समुद्राची हवा लागली असेल.

आणि एका संध्याकाळी ती पाण्यात पाय सोडून बसली. कोणी हाक मारत नव्हतं, कोणाला भाकरी नको होती, कुणाचा गॅस संपला नव्हता. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. पोरगा गुणाचा आहे असंही तिच्या मनात येऊन गेलं. पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच.

फोनला रेंज फक्त जेवणघरापाशी मिळे. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळपाणी पितापिता तिनं तिथून भाविकला फोन लावला.

"वाल कसा हाय रं?"

"एकदम मस्त, आई. रोज पानी सोडतो."

कमळ फोन कानाला धरून उभीच राहिली. वालाला पाणी? भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते आणि रात्री जे दव पडतं, तेवढ्यावर वाल पिकतो. त्याला वरून पाणी कोणी देत नाही. कोनगावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. म्हणजे हा शेतात गेलाच नव्हता. किंवा गेला होता तो वाल बघायला नव्हे. कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो, इथं ते कुठं मुरतंय ते पोरानं आपल्या तोंडानंच सांगितलं होतं.

दाजी वाळूत आरामखुर्चीवर पडले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अवं, भाविक वालाला पानी सोडतो म्हनं."

यावर दाजींनी हसायला हवं होतं. ते समुद्राकडे बघत राहिले. तेवढं पुरे होतं.

"कोनाला दिलात तुकडा?"

"गोडाऊनवाल्याला," दाजी पुटपुटले. "भराव चालू हाय. आपन परत जाऊ तवर होईल."

"मना का नाय इचारलं?"

"इचारलं असतं तर तू नाय म्हनली असतीस."

कमळच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाय म्हनीन म्हनून इचारलं नाय. आनि ओरडीन म्हनून हितं आनून टाकलंत. मी ओरडले तरी हितं ऐकतंय कोन? मासं?"

अजून अर्धा मुक्काम बाकी होता. कमळनं खोलीत जाऊन पिशव्या भरल्या आणि मिळेल त्या बोटीनं निघाली. दाजी सामान घेऊन मुकाट्यानं मागं.

कोनगावला पोचल्यावर ती घरी गेलीच नाही. रिक्षा सरळ शेतावर नेली. अर्ध्या शेतावर माणूसभर उंच मुरूम पडला होता. उरलेल्या अर्ध्यात वाल अजून हिरवागार उभा होता, आणि त्याच्याकडे पाठ करून एक डंपर मागं मागं येत होता. भाविक बाजूला उभा राहून त्याला हातानं "आने दो, आने दो" करत होता.

"आई? तू एवढ्यात कशी?"

शेजारच्या गोडाऊनच्या वॉचमनची खाट फाटकाशी उभी होती. ती कमळनं फरफटत आणली, डंपर आणि वालाच्या मधोमध टाकली, रुचिकानं दिलेली टोपी डोक्यावर घातली आणि आडवी झाली.

डंपरवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. "माताजी, हटिए, माल खाली करना है."

"मेरे कू आराम करने को बोला है," कमळ म्हणाली. "मेरे लडके ने बोला है. वो खडा है, उसको पूछ."

डंपरवाल्यानं भाविककडे पाहिलं, मग खाटेकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. मागं आणखी दोन डंपर येऊन अडकले. हॉर्न ऐकून रस्त्यावरची माणसं जमली, शेजारपाजारच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. कोणीतरी सांगितलं म्हणून रुचिका धावत आली.

"आई, उठा ना. लोक बघतायत."

"बघू देत. त्या बेटावर बघायला कोनी नव्हतं, म्हनून तर तितं धाडलंत मना."

भाविक बापाकडे वळला. "दाजी, तुमी सांगा तिला."

दाजींनी पिशव्या खाली ठेवल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते हळूहळू चालत आले आणि खाटेच्या कडेला टेकायला गेले. कमळनं पाय लांब पसरले.

"खाली," ती म्हणाली.

दाजी खाली, मातीत, डंपरच्या चाकासमोर बसले.

मग कमळनं टोपी थोडी वर केली आणि बांधावरच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाविक, तू रोज वालाला पानी सोडतोस ना? मंग आन बादली. आज माज्या देखत सोड."

बांधावर एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. वालाला पाणी म्हटल्यावर कोनगावात कोण हसणार नाही? भाविकचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तो वालाकडे बघत राहिला, बहुतेक महिन्याभरात पहिल्यांदाच. मग त्यानं डंपरवाल्याला हातानं खूण केली, मागं घे.

कमळनं टोपी तोंडावर ओढून घेतली. डंपर एकेक करून निघून गेले, माणसं पांगली, रुचिका चहा घेऊन आली तरी ती उठली नाही. अर्धा वाल वाचला होता. अर्धा मुरमाखाली होता, आणि त्याचा राग तिला कोणी कितीही गोड बोललं तरी सोडायचा नव्हता.